वेग मोजा, पण माझा माग ठेवू नका: हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: "आठवड्यातून दोनदा पुण्याहून नवी मुंबईला जातो. नवीन गाडीत कंपनीचं सिम आहे. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे हे बायकोला घरबसल्या ॲपवर दिसतं. वर द्रुतगती मार्गावर कॅमेरे आहेतच. उद्या गाडीच परस्पर पोलिसांना वेग कळवू लागली तर? बेदरकार चालवणाऱ्यांना दंड व्हायलाच हवा, पण त्यासाठी माझा प्रत्येक प्रवास कुणाच्या तरी सर्व्हरवर का असावा? दोन्ही साधणारी काही रचना असते का?"

असते. आणि तिचा साध्यातला साधा नमुना तुमच्याच गाडीत आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत वेगाचा इशारा सक्तीचा झाला. ८० ओलांडले की मधूनमधून टिकटिक, १२० च्या वर गेलात की सलग ठणाणा. लोक त्याला वैतागतात, पण माझ्या धंद्याच्या नजरेने ती रचना सुंदर आहे. वेग गाडीला कळतो, ती तो तुम्हाला सांगते आणि विसरून जाते.

टोल आणि वाहतूक कॅमेऱ्यांच्या कामात मला अठरा वर्षं झाली. या काळात मनात पक्की बसलेली गोष्ट एकच. मर्यादा मोडली का, या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असतं. ते काढायला प्रवासाचा इतिहास लागत नाही. ज्याचं उत्तर 'नाही' आलं त्याची नोंद कॅमेऱ्याच्या रस्त्याकडेच्या पेटीतच संपली पाहिजे. बाकी धोरणं, संमतीपत्रं, 'आम्ही आपल्या माहितीचा आदर करतो' वगैरे मजकूर यानंतर येतो.

आधी एक गल्लत दूर करू. तुमच्याबद्दलची माहिती आज एका जागी नाही. गाडीतल्या सिमवरून जाते ती कंपनीच्या सर्व्हरवर. फास्टॅगची नोंद टोलनाक्यावरून बँकेकडे जाते. कॅमेऱ्याने टिपलेली नंबरप्लेट महामार्गाच्या नियंत्रण कक्षात जाते. पिवळ्या पाटीची प्रवासी गाडी असेल तर तिच्यात एआयएस-१४० या सरकारी मानकाचं जीपीएस यंत्र आणि आणीबाणीचं बटण असतं. नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचं आहे. या चार वाटा वेगळ्या आहेत. त्या एकमेकींना जोडल्या गेल्या, की खरी काळजी सुरू होते.

फास्टॅगबद्दल हमखास विचारलं जातं: "दोन नाक्यांमधल्या वेळेवरून चलान काढता येईल ना?" भागाकार करता येईल, पण त्याने वेग सिद्ध होत नाही. खालापूर आणि उर्से या नाक्यांच्या मध्ये तुम्ही फूड मॉलला थांबून वडापाव-चहा केलात, की आधी १४० ने पळवलेली गाडीही सरासरीत सज्जन ठरते. शिवाय टॅगच्या वाचनाबरोबर गाडीचा वेग मोजल्याचा पुरावा नसतो आणि टोलनाका हे काही वेग मोजण्याचं प्रमाणित उपकरण नाही. थोडक्यात, वेगासाठी निकामी, माग काढायला मात्र उत्तम. असं साधन अंमलबजावणीत आणू नये, हे माझं ठाम मत.

सरासरी वेग मोजायचा तर दोन गँट्रींवर, म्हणजे रस्त्यावरच्या आडव्या कमानींवर, दोन कॅमेरे लागतात. हीच पद्धत नीट बांधली तर तुमची बरीचशी काळजी मिटते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

समजा, टप्पा १० किलोमीटरचा आहे आणि मोटारींची मर्यादा ताशी १०० ची. नियमात राहून तो पार करायला किमान ६ मिनिटं लागतात. ५ मिनिटांत आलात तर सरासरी १२०. आता बहुतेक निविदांमध्ये लिहिलेलं असतं, की पहिल्या गँट्रीवरची नोंद ठेवा, गाडी दुसरीला आली की जुळवा आणि सगळं साठवा. पण नीट पाहा: सहावं मिनिट उलटून गेलं आणि गाडी दुसऱ्या गँट्रीला पोचलेली नसेल, तर ती निर्दोष आहे हे तेव्हाच ठरलं. ती पुढे कधी आली, मधून उतरली की पंक्चर होऊन थांबली, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. पहिली नोंद तिथेच पुसता येते. अवजड वाहनांची मर्यादा ८० धरली तर त्यांच्यासाठी साडेसात मिनिटं. म्हणजे निर्दोष माणसाच्या नोंदीचं आयुष्य साडेसात मिनिटांपेक्षा जास्त असण्याचं काही कारण उरत नाही. एका प्रकल्पाच्या निविदेत मी "सर्व वाहनांची माहिती एक वर्ष जतन करावी" हे वाक्य वाचलं आणि बैठकीत विचारलं, की एक वर्ष कशासाठी? कुणालाच सांगता येईना. आधीच्या कुठल्यातरी निविदेतून ते जसंच्या तसं उतरवलं होतं.

घड्याळांचं काय, असं अभियंते लगेच विचारतात. १० किलोमीटरच्या टप्प्यात दोन घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडला तर वेगात ताशी पाव किलोमीटरच्या आसपास चूक येते. पाच सेकंदांचा फरक असेल तर सव्वा-दीड किलोमीटर. घड्याळं उपग्रहाच्या वेळेशी बांधून ठेवली की हा प्रश्न उरत नाही. अंतर मात्र वळणाच्या आतल्या लेनवरून, म्हणजे कमीत कमी निघेल असं मोजायचं. संशयाचा फायदा चालकाला.

आता दोन गँट्रींनी एकमेकींशी बोलायचं कसं? अख्खी नंबरप्लेट पाठवली तर वाटेत ती कुठेही सांडू शकते. म्हणून हॅश करतात, म्हणजे नंबराचं गणिताने एक अगम्य अक्षरजाळं करून तेच पाठवतात. उलट दिशेने नंबर काढता येत नाही, म्हणून माहिती 'अनामिक' झाली असं पुरवठादार छातीठोकपणे सांगतात. मी एकदा अशाच एका सादरीकरणाला बसलो होतो. महाराष्ट्रातल्या नंबरांचा हिशोब करून पाहा. पन्नासेक आरटीओ संकेतांक, दोन अक्षरांच्या सहाएकशे जोड्या आणि पुढे ९९९९ अंक. सगळे मिळून तीसेक कोटी. साध्या लॅपटॉपवर तीस कोटी नंबरांचे हॅश आधीच काढून यादी तयार ठेवता येते. मी छोटा प्रोग्राम लावला आणि दुसरा चहा येईपर्यंत त्यांच्या 'अनामिक' यादीतले नंबर पडद्यावर होते. न्यूयॉर्कच्या टॅक्सींचं २०१४ मध्ये हेच झालं. २०१३ सालच्या १७ कोटींवर फेऱ्यांची माहिती खुली झाली होती, टॅक्सींचे क्रमांक हॅश केलेले होते आणि ते चुटकीसरशी उलगडले गेले.

उपाय अवघड नाही. हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळायची, ती रोज बदलायची आणि जुनी नष्ट करायची. मध्यरात्री किल्ली बदलताना टप्प्याच्या मध्ये असलेल्या गाड्या जुळत नाहीत, म्हणून आठ-दहा मिनिटं दोन्ही किल्ल्या चालू ठेवायच्या. असल्या बारक्या गोष्टी कागदावर कुणी लिहीत नाही. मग पहिल्याच रात्री यंत्रणा बोंबलते आणि वैतागून किल्लीची भानगडच काढून टाकली जाते!

युरोपात हा विषय न्यायालयात घासून निघाला आहे. ऑस्ट्रियाच्या घटना न्यायालयाने २००७ मध्ये टप्प्यावरच्या वेगमोजणीला अटी घातल्या: टप्पा अधिकृतपणे जाहीर हवा आणि मर्यादेत जाणाऱ्याची माहिती ताबडतोब पुसली गेली पाहिजे. जर्मनीत हॅनोव्हरजवळ बी-६ रस्त्यावर सव्वादोन किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मार्च २०१९ मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने तो थांबवला. कारण? प्रत्येक गाडीची नंबरप्लेट टिपायला कायद्याचा आधार नव्हता. नोंद लगेच पुसली जाते हा बचाव चालला नाही. डिसेंबर २०१८ मध्येच जर्मनीच्या घटना न्यायालयाने म्हटलं होतं, की नंबर टिपून क्षणात पुसला तरी तो हक्कातला हस्तक्षेपच आहे आणि त्याला कायदा हवा. तिथल्या राज्याने कायद्यात तरतूद केली आणि त्याच वर्षी यंत्रणा पुन्हा सुरू झाली. तोच रस्ता, तेच कॅमेरे. फरक पडला तो आधी कायद्यात लिहिण्याचा.

नंबराच्या नादात लोक छायाचित्र विसरतात. समोरून काढलेल्या फोटोत शेजारी बसलेली व्यक्तीही येते. चलान मालकाच्या मोबाइलवर जातं आणि मालक म्हणजे चालक असेलच असं नाही. तो बाप असतो, नवरा असतो, कधी कंपनीचा ॲडमिन विभाग असतो. फ्रान्समध्ये दंडाच्या कागदाबरोबर फोटो घरी धाडत नाहीत, तो मागवावा लागतो. जर्मनीत शेजाऱ्याचा चेहरा झाकतात. आपल्याकडे सीटबेल्टसाठी समोरचा फोटो लागतो हे मान्य, पण वेगाच्या चलानाला शेजाऱ्याचा चेहरा कशाला? तो झाकायला चार ओळींचं सॉफ्टवेअर पुरतं. मागितलं तर पुरवठादार देतात, मागत कुणी नाही.

आता तुमच्या मूळ भीतीकडे: गाडीनेच चहाडी केली तर?

याचा एक धडा हॉलंडमध्ये मिळाला आहे. २०११ मध्ये उघड झालं, की टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीने सरकारला विकलेली वेगाची माहिती पोलीस वेगाचे कॅमेरे कुठे लावायचे हे ठरवायला वापरत होते. माहिती एकत्रित होती, कुणा एकाची नव्हती, तरी ग्राहक भडकले आणि कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. रस्त्याच्या कुठल्या तुकड्यावर लोक सुसाट जातात हे कळणं सुरक्षेसाठी चांगलंच आहे, असं मला अजूनही वाटतं. पण वाट चुकू नये म्हणून घेतलेलं यंत्र आपल्याच विरोधात वापरलं गेलं ही भावना तर्काने जात नाही. अमेरिकेत त्याहून वाईट झालं. चालवण्याच्या सवयी सुधारण्याच्या नावाखाली जनरल मोटर्सने गोळा केलेली माहिती विमा कंपन्यांना अहवाल पुरवणाऱ्या संस्थांकडे गेली. २०२४ मध्ये ते बाहेर आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अशा संस्थांना माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घालणारा आदेश मांडला. काही गाड्यांची जागा दर तीन सेकंदांनी टिपली जात होती. पोलीस यात कुठेच नव्हते, हे लक्षात घ्या. तुमच्या गाडीचा वेग पोलिसांच्या आधी विमावाल्याला हवा आहे. आपल्याकडेही 'जसं चालवाल तसा हप्ता' प्रकारच्या विम्याला नियामकाने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली आहे.

गाड्यांनी एकमेकींशी थेट बोलण्याचं तंत्रज्ञान हा आणखी वेगळा प्रकार. त्यात गाडी सेकंदाला दहा वेळा आपली जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून आसपासच्या गाड्यांना सांगते, म्हणजे पुढच्याने करकचून ब्रेक मारला तर मागच्याला दिसण्याआधी कळावं. संदेश खोटा नाही हे पटवायला डिजिटल सही लागते आणि सही आली की ओळख आली. यावर अमेरिकेत काढलेली युक्ती मला फार आवडते. गाडीला आठवड्याला वीस टोपणनावं दिली जातात आणि ती आलटूनपालटून वापरली जातात. ती देणारी यंत्रणा मुद्दाम तुकड्यांत वाटलेली असते, म्हणजे कुठल्याही एका कार्यालयाला टोपणनावामागची गाडी ओळखता येत नाही. या संदेशांवरून चलान काढायला मात्र माझा साफ विरोध आहे. एकदा लोकांना कळलं की ही अँटेना दंड करवते, की पुढच्या रविवारी कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन ती दोनशे रुपयांत काढून देईल. अपघात टाळणारी यंत्रणाच बंद पडेल आणि दंडही मिळणार नाही.

गाडीकडूनच वेग घ्यायचा असेल तर त्यासाठीही गणित आहे. एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये 'व्हीप्रिव्ह' नावाची पद्धत मांडली. टोल, विमा आणि वेगाचं चलान अशा तिन्ही कामांसाठी. कल्पना अशी: गाडी आपल्या नोंदी बदलत्या यादृच्छिक खुणांखाली पाठवते आणि त्या खुणा आपल्याच आहेत अशी मोहोरबंद हमी आधीच देऊन ठेवते. कुठली नोंद कुणाची हे सर्व्हरला कळत नाही, फक्त निकाल कळतो, पण मोहोर न फोडता तो बरोबर आहे हे तपासता येतं. नोंद पाठवलीच नाही तर? त्यासाठी रस्त्यावर अधूनमधून अचानक तपासणी. कॅमेऱ्याने पाहिलेली गाडी नोंदींत सापडलीच पाहिजे. हुशार रचना आहे. तरी मी ती आज कुणाला सुचवणार नाही. आपल्या रस्त्यांवर एकाच नंबरच्या दोन गाड्या सापडतात, तिथे हे गणित करणारी, छेडछाड न होणारी पेटी प्रत्येक गाडीत बसवणं आणि टिकवणं हे स्वप्नच आहे. उपग्रहावरचा टोल आला तर गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२४ च्या नियमांत, रोजचे पहिले २० किलोमीटर मोफत या सवलतीसह, त्याची सोय केली होती. पण एप्रिल २०२५ मध्ये मंत्रालयाने स्पष्ट केलं, की असा टोल १ मेपासून देशभर लागू करण्याचा निर्णय झालेला नाही. तो परत येईल तेव्हा रक्कम गाडीतच मोजून फक्त बेरीज बाहेर पाठवा, हा आग्रह धरायला हवा.

"नाव काढून टाकलंय, मग भीती कसली?" असं कुणी म्हणालं तर त्याला २०१३ चा एक अभ्यास सांगा. १५ लाख मोबाइलधारकांच्या नावाविना नोंदींमध्ये फक्त चार जागा-वेळा माहीत असल्या तर ९५ टक्के लोक एकमेवपणे वेगळे काढता आले. तुमच्या बाबतीत घर, ऑफिस आणि आठवड्यातून दोनदा द्रुतगती मार्ग एवढं पुरे.

आपला कायदा कुठे आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये रस्त्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम १३६-अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याखाली नियम १६७-अ. त्यात चांगल्या गोष्टी आहेत: उपकरणाला प्रमाणपत्र हवं, टप्प्याआधी ठळक फलक हवा, नोटीस पंधरा दिवसांत हवी, चलानात फोटो आणि उपकरणाने केलेली मोजणी हवी. नोंद प्रकरण निकाली निघेपर्यंत ठेवा, असंही आहे. पण ज्याने काहीच मोडलं नाही त्याची नोंद किती मिनिटांत पुसायची, याबद्दल त्यात शब्द नाही आणि मला सलतं ते हेच. ऑस्ट्रियाचं न्यायालय नेमकं तिथेच बोट ठेवून गेलं होतं. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा इथे कितपत कामाला येईल, याबद्दल फार आशा धरू नका. गुन्हा रोखणं, शोधणं आणि खटला चालवणं यांसाठीच्या वापराला कलम १७ बहुतेक बंधनांतून सूट देतं. सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते. सर्वोच्च न्यायालयाच्या गोपनीयतेवरच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाची, गरजेपुरताच हस्तक्षेप ही कसोटी मात्र उरतेच. सहा मिनिटांत उत्तर मिळत असताना वर्षभर साठवणं तिला कसं उतरेल?

आणि चंचुप्रवेश कसा होतो हे आपण पाहिलं आहे. वाहन नोंदणीची माहिती केंद्राने २०१९ च्या धोरणाखाली घाऊक विकली. ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना ती उपलब्ध होती आणि ६५ कोटी रुपये मिळाले, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनीच त्या वर्षी संसदेत सांगितलं. जून २०२० मध्ये गोपनीयतेचं कारण देऊन ते धोरण मागे घेतलं गेलं. दिलेली माहिती मात्र परत घेता येत नाही.

तुम्ही स्वतः काय करू शकता? माहितीच्या अधिकारात 'माझी माहिती द्या' असं मोघम विचारू नका. निविदेतलं माहिती जतन करण्याचं कलम, उपकरणाचं चालू प्रमाणपत्र आणि नियम न मोडणाऱ्या वाहनांची नोंद किती काळ राहते, हे तीन मुद्दे नेमके मागा. गाडीच्या ॲपमध्ये 'चालवण्याचा गुणांक' किंवा तसलं काही चालू असेल तर बंद करा. त्याने मायलेज वाढत नाही. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली तर उघडू नका, खरं चलान कुठलीही फाइल इन्स्टॉल करायला लावत नाही. आणि गाडी जुनी विकत घेतली असेल तर आजच सेवा केंद्रात जाऊन आधीच्या मालकाचं खातं तिच्यातून काढून घ्या. माझ्या मेहुण्याला जुनी गाडी घेऊन आठ महिने झाले होते. एक दिवस त्याला आधीच्या मालकाचा फोन आला: "तुम्ही सध्या महाबळेश्वरला आहात का हो? डिकी उघडी राहिलीये, मला सारखी सूचना येतेय."